जाब कुणाला विचारायचा?

लासलगावच्या बाजार समितीत सकाळपासून ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. लिलाव सुरू झाला की व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीकडून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत जातो. कुणी हाताने माल वरखाली करतो, कुणी एखादा कांदा दाबून बघतो, रंग कसा आहे, पत्ती कशी आहे, गोल्टी किती मिसळली आहे याचा अंदाज घेतो आणि मिनिटाभरात भाव पुकारला जातो. चार महिन्यांच्या राबण्याचा निकाल त्या मिनिटात लागतो. ट्रॉलीशेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्यात बोलायला फारशी जागा नसते.

डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावून झालं होतं. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत महिनोन्महिने टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. त्यामुळे भाव पडल्यावर थांबून राहायची सोयही नव्हती. नाशिक पट्ट्यात लिलाव बंद पडले, रस्ते अडवले गेले. पण रस्ता अडवला तरी अडवायचा कुणाविरुद्ध?

कारण या एका कांद्याला मालक किती आहेत ते बघा. शेती हा राज्याचा विषय. बाजारही राज्याचा, लासलगावची समिती चालते ती महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याखाली. परदेशी व्यापार केंद्राचा. देशांतर्गत खाद्यपदार्थांचा व्यापार आणि पुरवठा मात्र दोघांचा, म्हणजे समवर्ती सूचीतला. साठ्यावर मर्यादा घालायची तर जीवनावश्यक वस्तूंचा १९५५ चा कायदा केंद्राचा, आणि तो राबवायचा राज्याच्या पुरवठा खात्याने. पीक विम्याच्या योजनेवर नाव पंतप्रधानांचं, हप्त्याचं अनुदान दोघांचं. नाफेडची खरेदी दिल्लीच्या हुकमाने. भाव पडल्यावर क्विंटलमागे ३५० रुपयांचं अनुदान २०२३ च्या मार्चमध्ये जाहीर केलं ते राज्याने. कांदा एक, सूची तीन, आणि प्रत्येक दारावरची पाटी शेजारच्या दाराकडे बोट दाखवणारी. आपल्याकडे म्हण आहेच, दोन घरचा पाहुणा उपाशी.

केंद्र-राज्य संबंधांवरची आपली बहुतेक चर्चा दोन सरकारांमधल्या भांडणाची असते. दिल्लीने किती घेतलं, मुंबईला किती मिळालं, राज्यपाल कसे वागले, मुख्यमंत्री काय म्हणाले. दोन भावांच्या वाटणीचा दावा असावा तशी ती चालते, आणि नागरिक कोर्टाच्या आवारात बसलेल्या बघ्यासारखा ती ऐकतो. मला वाटतं, ही मांडणीच चुकते. अधिकारांची विभागणी सरकारांच्या सोयीसाठी केलेली नाही. तिचा खरा धनी नागरिक आहे. कोणतं काम कुणाचं हे ठरलेलं असेल, तरच ते बिघडल्यावर कुणाची मानगूट धरायची हे त्याला कळतं. हे कळणं थांबलं की मतदान चालू राहतं, पण त्याला धार राहत नाही. कोणतंही संघराज्य जोखताना म्हणूनच आधी हे विचारावं की सामान्य माणसाला त्यात जाब विचारायला नेमका पत्ता सापडतो का.

आपल्या घटनाकारांनी हा पत्ता लिहिण्याचा प्रयत्न केला होता. सातव्या परिशिष्टातल्या मूळ सूचींमध्ये केंद्राचे ९७, राज्यांचे ६६ आणि समवर्ती ४७ विषय होते. तीन सूचींचा हा साचा १९३५ च्या ब्रिटिश कायद्यातून आला. १९४६ च्या कॅबिनेट मिशनच्या आराखड्यात तर केंद्राकडे परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण एवढंच राहणार होतं. फाळणी ठरली आणि तो आराखडा मागे पडला. दंगली, निर्वासितांचे लोंढे, शेकडो संस्थानं आणि धान्याची टंचाई या सगळ्यांत बसून घटना लिहिणाऱ्यांना बळकट केंद्र हवंसं वाटलं, तर त्यात नवल नाही. उरलेसुरले अधिकारही त्यांनी केंद्राला दिले. अमेरिकेत ते राज्यांकडे आहेत. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात हेही स्पष्ट केलं होतं की हा संघ राज्यांनी एकमेकांशी केलेल्या करारातून जन्मलेला नाही, आणि म्हणून कुणालाही त्यातून फुटून निघता येणार नाही.

महाराष्ट्राला हे सांगायला नको. आपलं राज्यच मुळी संसदेच्या कायद्याने झालं. तिसऱ्या कलमाखाली संसद राज्यांच्या सीमा बदलू शकते. संबंधित विधानसभेचं मत फक्त विचारावं लागतं, मानावं लागत नाही. १९५६ मध्ये याच अधिकारातून आपल्यावर द्वैभाषिक राज्य लादलं गेलं, मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, फ्लोरा फाउंटनला माणसं गोळ्या झेलून पडली. केंद्राच्या या अधिकाराचा राग मराठी मनात खोल आहे, आणि तो रास्तही आहे. पण त्याच कलमाची दुसरी बाजूही आहे. राज्याच्या संमतीशिवाय सीमा बदलता येणार नाही अशी अट घटनेत असती, तर द्वैभाषिकाच्या विधानसभेत बहुमत जमेपर्यंत १ मे १९६० ची वाट आणखी किती वर्षं पाहावी लागली असती कुणास ठाऊक. ज्या अधिकाराने अन्याय केला त्याच अधिकाराने तो दुरुस्तही केला. म्हणून ‘केंद्र बळकट की राज्यं बळकट’ हा वाद मला फारसा पुढे नेणारा वाटत नाही. केंद्राने १९५६ मध्ये चूक केली तेव्हा ती कुणी केली हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे चळवळीला दिशा मिळाली आणि १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने उत्तरही दिलं.

पुढच्या काळात हा पत्ताच पुसट होत गेला. पहिली वाट समवर्ती सूचीची. दोघांनाही कायदा करता येतो, पण टक्कर झाली तर एरवी केंद्राचा कायदा टिकतो. १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने तिथला तेहेतिसावा विषय रुंद झाला आणि खाद्यपदार्थांचा व्यापार त्यात कायमचा येऊन बसला. १९७६ मध्ये, आणीबाणीत, बेचाळिसाव्या दुरुस्तीने शिक्षण, वनं, वन्यजीव संरक्षण, वजनमापं आणि न्यायालयांची रचना राज्यांच्या सूचीतून उचलून समवर्ती केली. आणीबाणी उठल्यावर बेचाळिसाव्या दुरुस्तीतलं बरंच काही परत फिरवलं गेलं, हे पाच विषय मात्र तिथेच राहिले.

त्याचा परिणाम लातूरच्या एखाद्या शिकवणीवर्गातल्या मुलीला विचारा. तिची बारावी राज्य मंडळाची, वैद्यकीयची प्रवेशपरीक्षा केंद्राची, महाविद्यालय राज्याचं, त्यातल्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या, फीचं नियमन पुन्हा राज्याचं. २०२४ मध्ये नीटच्या निकालावरून आणि पेपरफुटीवरून गोंधळ झाला, तेव्हा तिच्या वडिलांनी कुठे जायचं होतं? आमदाराकडे गेलं की तो म्हणणार परीक्षा दिल्लीची, खासदाराकडे गेलं की तो म्हणणार प्रकरण न्यायालयात आहे.

२०२० च्या शेती कायद्यांची कथा अशीच आहे. त्यातला बाजार समितीबाहेरच्या व्यापाराचा कायदा तेहेतिसाव्या विषयाच्या आधाराने झाला. शेती आणि बाजार राज्याचे, पण शेतमालाचा व्यापार समवर्ती, असा तो युक्तिवाद. कायद्यांच्या गुणदोषांवर मतभेद असू शकतात. महाराष्ट्राने तर २०१६ मध्येच फळं आणि भाजीपाला समित्यांच्या नियमनातून मोकळा केला होता, म्हणजे सुधारणेला आपला विरोध होता असंही नाही. पण ज्या राज्यांत बाजार समित्यांवर गावाचं अर्थकारण उभं आहे, तिथे त्यांच्याशी न बोलता कायदा झाला, वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे गेले. चूक कुणाची याचा हिशेब शेवटपर्यंत झाला नाही.

दुसरी वाट पैशाची, आणि ती पहिलीपेक्षा निसरडी आहे. केंद्राने गोळा केलेल्या करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना द्यावा, असं पंधराव्या वित्त आयोगाने सांगितलं. ऐकायला हे भरघोस वाटतं. पण वाटणी होते ती कराची. उपकर आणि अधिभार त्या वाटणीत येत नाहीत. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर एका लिटर पेट्रोलवर केंद्राचं अबकारी शुल्क ३२ रुपये ९० पैसे होतं. त्यातलं मूळ शुल्क, म्हणजे वाटायचा भाग, १ रुपया ४० पैसे. बाकी साडेएकतीस रुपये रस्त्यांचा उपकर, शेतीचा उपकर, विशेष अतिरिक्त शुल्क अशा नावांनी केंद्राकडेच. १ रुपया ४० पैशांचे ४१ टक्के म्हणजे सुमारे ५७ पैसे, आणि तेही सगळ्या राज्यांत मिळून. पंपावर उभ्या असलेल्या माणसाला मीटरवरचा आकडा दिसतो, ही चिरफाड दिसत नाही. केंद्राच्या एकूण करउत्पन्नातला उपकर-अधिभारांचा हिस्सा २०११-१२ मध्ये दहा टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२०-२१ मध्ये वीसच्या आसपास गेला. घटनेतलं एक अक्षरही न बदलता वाटणी बदलली.

जीएसटीने राज्यांचा कर बसवण्याचा हक्क एका परिषदेत नेऊन ठेवला. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. म्हणजे केंद्राला नको असलेलं काही होणार नाही. एकसंध बाजारपेठेसाठी ही किंमत मोजण्यासारखी होती असं मला वाटतं. पण २०२० मध्ये साथीने महसूल आटला तेव्हा राज्यांना कबूल केलेली भरपाई कुणी कर्ज काढून द्यायची, यावर महिनोन्महिने घासाघीस चालली. जो कर मिळून लावला, त्याच्या तुटीला मात्र कुणी वाली नव्हता.

तिसरी वाट योजनांची, आणि इथे महाराष्ट्राकडे सांगण्यासारखी स्वतःची गोष्ट आहे. ज्यांना पगार मिळतो त्यांनी फेब्रुवारीची पगारपावती काढून बघावी. व्यवसाय कर दर महिन्याला २०० रुपये कापला जातो, फेब्रुवारीत ३००. असं का? अकरा महिन्यांचे २,२०० आणि वरचे ३०० मिळून २,५०० होतात, आणि कुठल्याही राज्याला माणशी वर्षाला २,५०० हून जास्त व्यवसाय कर घेता येणार नाही असं घटनेचं २७६ वं कलम म्हणतं. ही मर्यादा १९८८ ची आहे. तेव्हापासून पगार किती पटींनी वाढले आणि राज्याच्या हातातला हा कर कसा गोठून राहिला, हे त्या तीनशे रुपयांत वाचता येतं.

पण हा कर आला कशासाठी? १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना. मुंबई-पुण्याच्या पगारदाराने महिन्याला थोडे पैसे द्यायचे, राज्याने त्यात भर घालायची, आणि मराठवाड्यातल्या, माणदेशातल्या मजुराला मागेल तेव्हा पाझर तलावावर, नाला बांधावर काम मिळायचं. कायदा महाराष्ट्राचा, पैसा महाराष्ट्राचा, राबवणारा तहसीलदार महाराष्ट्राचा. त्यात भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रकं भरली गेली. पण विधानसभेत मंत्र्याला उभं करून विचारता येत होतं, आणि विचारलं जात होतं.

२००५ मध्ये याच कल्पनेवर राष्ट्रीय कायदा उभा राहिला, आणि त्यात एक शहाणी तरतूद होती. अकुशल मजुरी केंद्राने द्यायची, पण मागणी करून पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता राज्याच्या तिजोरीतून. म्हणजे पैसे नाहीत ही सबब राज्याला नाही, आणि हयगय केली तर भुर्दंड त्यालाच. भत्ता प्रत्यक्षात क्वचितच दिला गेला, हा अंमलबजावणीचा दोष. पण कुणी कशाला उत्तर द्यायचं, हे कागदावर लख्ख होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा आणला. दिवस शंभराचे सव्वाशे झाले, मात्र बहुतेक राज्यांसाठी खर्च ६० : ४० असा विभागला गेला, आणि कुठल्या राज्याला किती रक्कम हे केंद्र ठरवणार. उद्या एखाद्या तालुक्यात काम मिळालं नाही तर दिल्ली म्हणेल राज्याने चाळीस टक्के घातले नाहीत, मुंबई म्हणेल दिल्लीने रक्कमच तुटपुंजी ठरवली. दोघंही खरं बोलत असतील आणि मजूर घरी बसलेला असेल. पाटीवर नाव आपलं आणि चाळीस टक्के दुसऱ्याचे, याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात.

आता उलट बाजू. बळकट केंद्राच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. त्यातला पहिला मुद्दा जातीचा. सत्ता जितकी खाली, तितकी ती गावातल्या धनदांडग्यांच्या मुठीत, ही आंबेडकरांची भीती होती. खेड्याबद्दलचं त्यांचं कठोर मत ४ नोव्हेंबर १९४८ च्याच भाषणात आहे. अत्याचार प्रतिबंधाचा १९८९ चा कायदा राज्याराज्यांवर सोडला असता, तर तो किती ठिकाणी झाला असता? दुसरा मुद्दा विषमतेचा. केंद्राने श्रीमंत राज्यांकडून घेऊन गरीब राज्यांना दिलं नाही, तर बिहारच्या मुलाला शाळा कुठून मिळणार? तिसरा मुद्दा कांद्याचाच. लासलगावला भाव चढला की कोलकात्याच्या हमालाच्या ताटातला कांदा नाहीसा होतो. १९९८ मध्ये दिल्ली राज्यातलं सरकार निवडणुकीत हरलं त्यात कांद्याच्या भावाचा वाटा होता, हे कुठलाच पक्ष विसरलेला नाही. निर्यात केंद्राच्या हाती आहे ती याचसाठी.

हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. दुसऱ्या मुद्द्यावर तर मराठी माणसाने स्वतःशी अधिक प्रामाणिक व्हायला हवं. पंधराव्या वित्त आयोगाच्या वाटणीत महाराष्ट्राचा हिस्सा ६.३ टक्के होता आणि उत्तर प्रदेशचा जवळपास १८. ‘आमचा पैसा तिकडे जातो’ ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. पण हाच तर्क घेऊन उद्या मुंबईकर म्हणाला की माझा पैसा गडचिरोलीला का जातो, तर आपण काय उत्तर देणार? वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषाचा हिशेब मांडला, दहा वर्षांनी वैधानिक विकास मंडळं आली, एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली आणि ती विझली. दिल्लीकडे न्याय मागणाऱ्या मुंबईने नागपूर-औरंगाबादकडे पाहताना तोच काटा वापरलेला नाही.

तरीही या तिन्ही मुद्द्यांतून निघतं ते एवढंच की काही कामं केंद्राने करावीत. ती कुणी केली हे झाकून ठेवावं, असं त्यातून निघत नाही. अत्याचाराचा कायदा केंद्राचा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. वित्त आयोगाचं सूत्र छापील आहे, त्यावर वाद घालता येतो. आणि कोलकात्याच्या हमालासाठी निर्यात थांबवायची असेल तर खुशाल थांबवा. पण तो निर्णय देशाच्या भल्यासाठी घेतला असेल तर त्याची तोशीस निफाडच्या शेतकऱ्याने एकट्याने का सोसावी? भाव पाडण्याचा अधिकार दिल्लीकडे आणि अनुदान देण्याचं ओझं मुंबईकडे, ही वाटणी सोयीची आहे, न्यायाची नाही.

दिल्लीला एवढं ऐकवल्यावर आरसा स्वतःकडे वळवायला हवा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा राज्यकर्त्यांचा जुना धर्म आहे. २०१५ च्या दुष्काळासाठी महाराष्ट्राने पेट्रोल-डिझेलवर अधिभार लावला आणि पुढे पाऊस पडला तरी तो सुटेना. उपकराबद्दल दिल्लीकडे बोट दाखवताना ही आठवण ठेवलेली बरी.

खरा आरसा आहे तो महापालिकांचा. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर कधीकाळी ट्रकांच्या रांगा लागायच्या. क्लीनर कागदांचा गठ्ठा घेऊन खिडकीकडे धावायचा आणि मागे अडकलेले गाडीवाले जकातीला शिव्या द्यायचे. तो कर वाईट होता यात शंका नाही. वाहतूक खोळंबायची, चिरीमिरी चालायची. पण मुंबई महापालिकेला त्यातून वर्षाला सुमारे सात हजार कोटी मिळत, आणि ते कुणापुढे हात न पसरता. इतर महापालिकांत आधी जकातीच्या जागी एलबीटी आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर मुंबईचे नाके बंद झाले आणि भरपाईचा हप्ता राज्याकडून दरमहा येऊ लागला. जे राज्य जीएसटीच्या भरपाईसाठी दिल्लीच्या दारात तिष्ठत होतं, त्याच राज्याच्या दारात आता महापालिका उभ्या आहेत.

आणि निवडणुका? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. प्रभाग २२७ की २३६, ओबीसी आरक्षण किती, यावर सरकारं बदलली तरी घोळ मिटला नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खडसावलं आणि मतदान झालं ते जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार राज्याने नेमलेला प्रशासक चालवत होता. पुण्या-ठाण्यात, जिल्हा परिषदांत तेच. घटना राष्ट्रपती राजवटीलासुद्धा तीन वर्षांची कमाल मर्यादा घालते. दिल्लीने महाराष्ट्राची विधानसभा चार वर्षं बंद ठेवली असती तर आपण काय केलं असतं? महापालिकेच्या बाबतीत मात्र आपल्याला ते खपलं. ज्या राज्याने वसंतराव नाईक समितीचा अहवाल स्वीकारून १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा उभ्या केल्या, तेही घटनेत त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती येण्याच्या तीस वर्षं आधी, त्या राज्याची ही गत आहे.

या मधल्या काळात कुणाच्या दारासमोर खड्डा पडला असेल तर त्याने काय केलं ते आठवावं. नगरसेवक माजी झालेला. वॉर्ड ऑफिसात गेलं तर हा रस्ता आमचा नाही, एमएमआरडीएचा. तिथून सार्वजनिक बांधकाम, तिथून आणखी कुणी. शेवटी तक्रारीचा क्रमांक मोबाइलवर येतो आणि खड्डा जागेवरच राहतो. लासलगावचा शेतकरी आणि मुंबईचा भाडेकरू एकाच चक्रात फिरतो आहे, फक्त मजला वेगळा.

मग करायचं काय? सूची नव्याने लिहा म्हणणं सोपं आहे आणि व्यर्थ आहे. आजच्या जगात प्रदूषण, साथ, वीज, स्थलांतर यांतलं काहीच एका सूचीत मावत नाही, आणि एकत्र काम करणं टळणार नाही. पण एकत्र काम कसं करावं याचा धडाही आपल्याच भूमीवर आहे. कोकण रेल्वे १९९० मध्ये सुरू करताना केंद्राने ५१ टक्के, महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५, गोवा आणि केरळने प्रत्येकी ६ टक्के भांडवल घातलं. कुणाचा किती वाटा हे आधी मोजून लिहिलं, महामंडळ एक ठेवलं, आणि १९९८ मध्ये रोह्यापासून दक्षिणेकडे सलग गाडी धावू लागली. भागीदारी पुसट नव्हती म्हणून ती टिकली.

त्यातून तीन साधे नियम निघतात. पहिला, ज्याचा निर्णय, त्याचीच तोशीस. निर्यातबंदीने पडलेल्या भावाची भरपाई बंदी घालणाऱ्याच्या तिजोरीतून यावी. दुसरा, वाटून करायचं काम आधी बोलून आणि लिहून करावं. त्यासाठी घटनेच्या २६३ व्या कलमाखाली आंतरराज्य परिषद आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेची अकरावी बैठक जुलै २०१६ मध्ये झाली आणि पुढे वर्षानुवर्षं तिची बैठकच झाली नाही. राज्यांचं सभागृह म्हणून असलेल्या राज्यसभेत तर २००३ पासून ज्या राज्यातून निवडून यायचं तिथे राहण्याचीही अट उरलेली नाही. तिसरा नियम आपल्यासाठी. दिल्लीकडे जे मागायचं, ते आधी जिल्हा परिषदेला आणि महापालिकेला द्यायचं. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे राज्याला लागू असेल तर गावालाही लागू आहे.

हे स्वप्नरंजन वाटेल त्यांनी कांद्याकडे परत यावं. बाकी सगळ्या गोंधळात निर्यातबंदी ही एकच गोष्ट अशी होती की जिच्यावरचा पत्ता लख्ख होता. ती दिल्लीची होती. राज्याला ती ढकलता येत नव्हती आणि दिल्लीला नाकारता येत नव्हती. ४ मे २०२४ ला, लोकसभेचं मतदान चालू असताना, बंदी उठली, पण ५५० डॉलरचा किमान निर्यातदर आणि ४० टक्के शुल्क राहिलं. २० मे रोजी कांदा पट्ट्यातल्या दिंडोरीने मतदान केलं आणि केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवाराला घरी बसवलं. सप्टेंबरात किमान दर गेला, शुल्क निम्मं झालं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही उठलं. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत मात्र त्याच जिल्ह्याने बहुतेक जागा सत्ताधारी महायुतीच्या पदरात टाकल्या.

मतं फिरायला कारणं अनेक असतात, एकट्या कांद्याला श्रेय देणं भाबडेपणाचं होईल. पण ज्या शेतकऱ्याला अडाणी म्हणून आपण सूची आणि कलमं समजावून सांगायला निघतो, त्याने सहा महिन्यांच्या अंतराने दोन सरकारांना दोन वेगळे निकाल सुनावले. लिलावात त्याला बोलायला जागा नव्हती; मतपेटीपाशी ती त्याला मिळाली, कारण त्या एका बाबतीत दार कुणाचं ठोठावायचं हे त्याला ठाऊक होतं. बाकीच्या दारांवरच्या पाट्या तेवढ्याच ठळक असत्या, तर पीक विमा, नीट, रोजगार आणि दारासमोरचा खड्डा यांचेही हिशेब त्याने असेच चुकते केले असते. म्हणूनच त्या पाट्या पुसट ठेवण्यात दिल्लीचंही हित आहे, मुंबईचंही. त्या ठळक करून मागण्यात हित आहे ते फक्त आपलं.